गुटीकाकू आणि गंगेचं पाणी

दुर्गाघाटावरच्या आमच्या गुटीकाकू कुठल्याही बाळाला नावं ठेवल्याशिवाय मांडीवर घेत नसत. "आलीस का गं काळुंद्रे? नाक बघा हिचं, जसा समोसा!" कौतुक केलं की दृष्ट लागते, असं त्यांचं ठाम मत. आयाही मनावर घेत नसत. उलट काकू गप्प राहिल्या तर काळजीत पडत.

सकाळी गल्लीतल्या मराठी घरांतली बाळं त्यांच्या ओट्यावर जमत. काकू सहाणेवर वेखंड, हिरडा, जायफळ उगाळून गुटी चाटवत. उगाळायला गंगेचं पाणी. ते मी आणून देई. स्नानानंतर पूजेसाठी कलश भरत असे, त्यातलंच थोडं.

पावसाळ्यात गंगा चढून गढूळ झाली की बाळांना ढाळ लागत. एखादं जाईही. दात येताहेत, हवा बदलली, असं म्हणून आम्ही गप्प बसत असू.

करोना ओसरल्यानंतरच्या पावसाळ्यात काकूंनी मला ओट्यावर थांबवलं. "गुरुजी, दवाखान्यातली पोरगी सांगते, पाणी उकळून घ्या. उकळू का? तुम्ही म्हणाल तसं."

चारचौघं ऐकत होती. मी म्हणालो, "गंगामाईला गॅसवर चढवता? मग उद्या तीर्थालाही फोडणी द्या!"

सगळे हसले. काकूही हसल्या. हातातलं पातेलं त्यांनी ओट्यावर पालथं घातलं.

त्याच श्रावणात, रोज त्याच ओट्यावर गुटी चाटणाऱ्या माझ्या नातीला ढाळ लागले. दुपारपर्यंत टाळू खोल गेली, रडणं थांबलं. दवाखान्यात सलाईनसाठी शीर सापडेना. मी नुसता तिचे पाय चोळत राहिलो.

तान्ह्याला अग्नी देत नाहीत, गंगेत सोडतात. पुरामुळे नावा बंद होत्या, तरी एक मल्लाह तयार झाला. घाटावर काकू आल्या. दुपट्याची कड बाजूला करून त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "किती देखणी गं माझी सोनी!"

"काकू, तुमच्या सहाणेनं खाल्लं माझं लेकरू!" सूनबाई ओरडली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्या ओट्यावर कुणी बाळ आणलं नाही. काकूंनी माझं नाव कधीच घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. सगळं बोलायचं ठरवून मी गेलो, पण तब्येतीचंच विचारत राहिलो. त्यांनीच उशाकडचा पेला पुढे सरकवला. "घ्या गुरुजी. उकळलेलं आहे."

मी प्यायलो आणि उठून आलो. आठवड्याभरात त्या गेल्या.

सूनबाई अजून तो ओटा आला की पदर सावरून पलीकडून चालते. ढाळ कशानं लागले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण सूनबाई, पाणी मी आणलं होतं. काकू उकळणार होत्या. नको म्हणणारा मी.