दोन्ही हातांचा नमस्कार

आमच्या वन्संना लाज कशाशी खातात ते माहीत नव्हतं. सदाशिव पेठेत जन्म काढून हे जमवणं सोपं नाही. साठी उलटल्यावर त्या ट्रॅकपँट चढवून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून भर सकाळी जिना उतरायच्या, आणि समोरून कोणी आलं तर तोच माणूस संकोचून बाजूला व्हायचा. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्या, आणि आमच्याच इमारतीत आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. त्यांच्या वाट्याची लाज देवानं बहुधा चुकून माझ्याकडे पाठवली असावी. माझ्याकडे ती दोघींना पुरून उरेल एवढी होती.

तेव्हाची मी म्हणजे एक बघण्यासारखं प्रकरण होतं. पन्नाशीची, इस्त्रीची साडी, केसांत एक फूल, आणि चेहऱ्यावर कायम ‘काही चुकलं का हो?’ असा भाव. चहात साखर कमी पडली तर मी पाहुण्यांची माफी मागायचे. पाहुणे नसले तर साखरेची. अशा बाईच्या डोक्यावर देवानं वन्सं ठेवल्या, आणि वन्संच्या डोक्यात होडी.

निवृत्तीनंतर बायका काशीला जातात, नाहीतर मुलाकडे अमेरिकेला. वन्संनी शिडाची होडी घेतली. पुणं सोडून चाललेल्या कुणा गृहस्थाची, वापरलेली, एकट्या माणसानं चालवायची. कॅटमरान म्हणतात तसलीला. एका होडीऐवजी दोन लांबट, निमुळती पोटं शेजारी शेजारी, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या, आणि मधे बसायला ताणलेलं कापड. वन्सं त्या दोन पोटांना ‘जावा’ म्हणायच्या. “एका घरात राहतात, पण मधे अंतर ठेवून. म्हणून बुडत नाहीत.”

“पण कशाला, वन्सं?” मी रडकुंडीला येऊन विचारलं.

“अगं उषा, जन्मभर फळ्यावर बाण काढून पोरींना वारे शिकवले. मतलई वारे, व्यापारी वारे, सगळे पाठ. मी स्वतः त्यातला एक तरी हातात धरलाय का?”

“पंखा लावते ना मी,” मी म्हणाले. तेव्हा मला हा फार समंजस तोडगा वाटला होता.

होडी टेम्पोतून सुट्या भागांत आली आणि वन्संनी ती सरावासाठी आमच्या पार्किंगमध्ये जोडायला काढली. पहिल्या मजल्यावरचे लिमयेकाका बनियनवर खाली आले. “बाई, हे वाहन आहे का?” “पाण्याला लागलं की वाहन,” वन्सं म्हणाल्या, “तोवर तुमची अडचण. तुम्ही टायर त्या टोकाला सरकवता का जरा?” आणि लिमयेकाकांनी मुकाट्यानं टायर सरकवला. मी मात्र तिसऱ्या मजल्यावर पडदा ओढून देवापुढे बसले होते. पडद्याला फट ठेवली होती, हेही सांगून टाकते.

वन्संची जोडायची पद्धत ठरलेली. आधी जुनी सतरंजी. तिच्यावर सगळे भाग लागतील त्या क्रमानं मांडायचे. खिळी, कड्या, बारीक रिंगा माझ्या जुन्या मसाल्याच्या डब्यात. हळदीच्या वाटीत खिळी, मोहरीच्या वाटीत रिंगा. मग दोन्ही जावा टायरांवर ठेवून त्यांच्यात नळ्या बसवायच्या. मधलं कापड बाजेसारखं दोरीनं आवळायचं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. “एका अंगाला जास्त ओढलंस की घर वाकडं होतं,” हे त्या होडीबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

आणि मग काठी, म्हणजे डोलकाठी. होडी एकट्यानं चालवायची असली तरी काठी उभी करायला दोन माणसं लागत. काठीचा बुंधा पुढच्या नळीवरच्या खाचेत बसवायचा, दोन्ही बाजूंच्या तारा आधी अडकवायच्या. एकानं मागून काठी खांद्यावर घेत, कापडावरून पुढे चालत ती उभी करायची. दुसऱ्यानं होडीच्या नाकापुढे उभं राहून पुढच्या तारेला बांधलेला दोर ओढायचा, आणि काठी उभी झाली की तो ताणून धरायचा. मग पहिल्यानं उतरून पुढे यायचं आणि तारेत खीळ घालायची. ती खीळ बसेपर्यंत काठी केवळ दोर धरणाऱ्याच्या हातावर उभी असते. बाजूला पडत नाही, पण दोर सुटला की सरळ मागे येते.

दुसरं माणूस म्हणून वन्संनी मला निवडलं. ह्यांना पाठदुखी होती. ती रविवारी जास्त असायची.

“मला लाज वाटते हो, वन्सं,” मी पार्किंगमध्ये दोर धरून म्हणाले. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

“वाटू दे की. लाज वाटायला कुठे हात लागतात? दोर तेवढा सोडू नकोस.”

पुढे होडी धायरीला गेली. वन्संच्या एका जुन्या विद्यार्थिनीची तिथे शेड होती. रविवारी सकाळी टेम्पोत घालून खडकवासल्याच्या धरणावर न्यायची, जोडायची, संध्याकाळी पुन्हा सोडायची. तिथल्या होड्यांच्या क्लबातले शिकवणारे गृहस्थ सोबत बसून वन्संना पाण्यावर न्यायचे. हळूहळू वन्सं चांगल्याच तयार झाल्या, तेव्हा ते म्हणाले, “पुढच्या रविवारी बघतो तुमचं, आणि सोडतो एकट्यांना.” तो आठवडाभर वन्सं वरच्या फ्लॅटमध्ये फेऱ्या मारत होत्या. छतातून मला ऐकू यायच्या. त्या बाईला जन्मात एवढंच हवं होतं: पाणी, वारा, आणि शेजारी सूचना देणारं कोणी नाही.

मला त्याच आठवड्यात वेगळीच काळजी होती. आमच्या सईला कोथरूडचं स्थळ आलं होतं. दोन्हीकडून पसंती झालेली, याद्या व्हायच्या बाकी. मुलाच्या आईंनी घरी कोण कोण असतं विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, “वर आमच्या वन्सं असतात. निवृत्त आहेत. वाचन करतात.” होडीचा उल्लेख याद्या झाल्यावर करू, असं माझं धोरण होतं. जमल्यास बारशाला.

रविवार उजाडला. वारा बरा होता. वन्संनी आधी वर पाहून विजेच्या तारा नाहीत ना याची खात्री केली. हे त्या आमच्या उघड्या पार्किंगमध्येही करायच्या, वर नुसत्या वाळत घातलेल्या साड्या असल्या तरी. मी नाकापुढे दोर धरून उभी. वन्सं काठी खांद्यावर घेऊन चालत आल्या, काठी उभी राहिली. “धर. उतरतेय,” त्या म्हणाल्या. एक पाय खाली, एक हात अजून काठीवर.

आणि माझ्या उजव्या कानाशी आवाज आला, “अगंबाई! उषाताई, नमस्कार! तुम्ही इकडे कुठे?”

कोथरूडच्या. हातात भाजलेलं कणीस, मागे अख्खं कुटुंब.

मुलाकडच्या बाईंनी नमस्कार केल्यावर मुलीच्या आईनं काय करायचं असतं ते माझ्या हाडामांसात भिनलेलं होतं. मी विचार केलाच नाही. दोन्ही हात जोडले. अगदी नीट, छातीशी, मान किंचित झुकवून.

काठी मागे निघाली. वन्संना बाजूला होता आलं असतं. कोणीही झालं असतं. त्यांनी ती सोडली नाही. तिच्याबरोबर ओढल्या गेल्या आणि कापडावर आडव्या झाल्या. काठीला पोचासुद्धा आला नाही. वन्संचा खांदा निखळला.

मी तशीच हात जोडून उभी. वन्सं पांढऱ्याफटक पडलेल्या, पण माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “दोन्ही हातांनी कशाला गं? एका हातानं केला असतास तरी त्यांनी मानून घेतला असता.”

त्यांना दवाखान्यात कोथरूडकरांच्याच गाडीतून न्यावं लागलं. मी मधे, मेल्याहून मेल्यासारखी. होणाऱ्या विहीणबाई पुढच्या सीटवरून मागे वळून हळूच म्हणाल्या, “वाचन करतात म्हणाला होतात ना?” मला वाटलं, गाडीचं दार उघडून कॅनॉलमध्ये उडी घ्यावी. तेवढ्यात वन्सं दात आवळत बोलल्या, “मुलगी चांगली आहे हो तुम्हाला मिळतेय ती. आईवर गेलेली नाही.” गाडी हसली. कणसासकट हसली. नंतर विहीणबाईंनी सांगितलं, त्यांच्या मनात जो काही शेवटचा किंतु होता तो तिथे गेला. ज्या नणंदेला लपवून मी लग्न जुळवायला निघाले होते, तिनं निखळलेल्या खांद्यानिशी ते जुळवलं.

लग्न झालं. खांदा बरा झाला. वन्सं म्हणाल्या, “चल, रविवारी.” मी म्हणाले, गुडघे. मग म्हणाले, श्रावण आहे. मग लोणची, मग ह्यांची पाठ. आता मला लोकांची लाज वाटत नव्हती, माझ्या हातांची वाटायची. भाजी चिरताना ते समोर दिसायचे आणि मी नजर वळवायचे.

“क्लबातलं कोणी धरेल की दोर,” मी एकदा म्हणाले.

“नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल,” वन्सं म्हणाल्या. “तुला निदान काय करायचं नाही ते ठाऊक आहे.”

तरी मी गेले नाही. मग एके दुपारी त्या खाली आल्या आणि त्यांनी माझ्या ओट्यावर मसाल्याचा डबा ठेवला. “तुझा आहे. परत करतेय.” एवढंच. चहासुद्धा न घेता वर गेल्या. मी झाकण उघडलं. वाट्या घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. हळदीच्या वाटीत काही नव्हतं, मोहरीच्या वाटीत काही नव्हतं. छताकडे पाहिलं. फेऱ्यांचा आवाज नव्हता.

डबा घेऊन मी तशीच वर गेले. साडीचा पदर ओल्या हातानं खोचलेला, केस विस्कटलेले, जिन्यात लिमयेकाका भेटले तरी थांबले नाही. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. “या डब्याला ग्रीसचा वास येतो,” मी म्हणाले. “याच्यात आता मोहरी ठेवता यायची नाही. खिळी कुठे टाकल्यात?”

वन्संनी टेबलाखालच्या पिशवीकडे बोट दाखवलं. “टाकायला अजून हात झाला नव्हता,” त्या म्हणाल्या.

त्या रविवारी सई आली, विहीणबाई आल्या. विहीणबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडल्या, “मी काही बोलत नाही हो!” काठी उभी राहिली. दोर माझ्या हातात. क्लबातले ते शिकवणारे गृहस्थ जवळ येऊन अदबीनं म्हणाले, “नमस्कार, वहिनी.” मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी नमस्कार हवेत लटकत ठेवला, आणि आभाळ कोसळलं नाही. वन्सं उतरल्या, पुढे आल्या, खीळ घातली, रिंग अडकवली.

“झालं. सोड आता.”

मला सोडता येईना. बोटं दोराभोवती वळून बसली होती. वन्संनी ती एकेक करून उलगडली, लहान मुलाच्या मुठीतून खडू काढतात तशी. मग शिडाच्या खोबणीत लवचीक पट्ट्या सरकवल्या, नाक वाऱ्याकडे केलं, शीड चढवलं, सुकाणू लावलं, आणि त्या निघाल्या. एकट्या. शीड आधी फडफडलं, मग गप्प झालं आणि भरलं. बघता बघता वन्सं पलीकडच्या काठाजवळ एक पांढरा त्रिकोण झाल्या. सई रडत होती. मी रडले नाही. मी काठावरून मोठमोठ्यानं ओरडत होते, काय ते आठवत नाही. लोक बघत होते म्हणे.

परत आल्या तेव्हा पायजम्यातून पाणी गळत होतं. मी विचारलं, “धरलात का वारा?”

“फळ्यावर चुकीचं शिकवलं गं पोरींना,” त्या म्हणाल्या. “मी बाण सरळ काढायचे. तो सरळ येतच नाही.”

त्यानंतर पुष्कळ रविवार मिळाले आम्हाला, आणि मग संपले. गेल्या वर्षी वन्संना दवाखान्यात ठेवलं. शेवटी शेवटी त्या डोळे मिटूनच असायच्या. मी पलंगाशी स्टुलावर बसून त्यांचा हात धरून असायचे. एका सकाळी मोठे डॉक्टर आले, मागे सगळा लवाजमा. खोलीतले सगळे उठले, हात जोडले. हेही पाठदुखी विसरून उठले. डॉक्टर माझ्याकडे पाहून “नमस्कार, आजी,” म्हणाले.

मी बसूनच राहिले. नुसती मान हलवली.

ह्यांना लाज वाटली असावी, कारण ते कुजबुजले, “अगं, डॉक्टर आहेत.”

तेव्हा उशीवरून अगदी बारीक आवाज आला, डोळे मिटलेलेच. “शिकली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बोटांना कळलं. खूप वेळ मी तशीच बसले. नर्स आली, तिनं माझी बोटं हलकेच उलगडली. ती अनोळखी मुलगी होती, तिला काय माहीत, पण अगदी वन्संसारखी उलगडली, एकेक करून. मग माझे दोन्ही हात रिकामे झाले, आणि मी उठून नमस्कार केला.