गोधडीतल्या मॅडम

भर दुपारी एखादी बाई डोक्यावरून गोधडी ओढून बसते आणि आतून गोड आवाजात कुणाशी तरी बोलते, तर शेजाऱ्यानं काय समजायचं, ते तुम्हीच सांगा. ताप म्हणावा तर बाई ठणठणीत. थंडी म्हणावी तर पायात मोजेसुद्धा नाहीत. मी हे खिडकीतून पाहिलं. मुद्दाम नाही, कुंडीला पाणी घालताना. पावसाळ्यात कुंडीला पाणी कशाला, असं आमच्या हिनं, म्हणजे कौमुदीनं, विचारलं होतं. असू दे.

अरुंधती मॅडम वलवणला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. एकट्या. तळेगावच्या एका कॉलेजात विपणन शिकवतात. म्हणजे माल कसा विकायचा ते. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी कॉलेजचा ऑनलाइन वर्ग आहे, तो यांच्याकडे. कंत्राट दर वर्षी नवं. माझा धंदा विम्याचा, त्यामुळे लोकांची वयं, आजार आणि भांडणं विचारायची मला सवय. पण या बाईंनी गेल्या तीन पावसाळ्यांत मला वयसुद्धा सांगितलेलं नाही. संशय येणारच.

गोधडी तर झालीच. शिवाय दुपारी जेवण झालं की फोन सुरू. दर वेळी वेगळा माणूस. "काल तू गप्प होतास. काय झालं? मला खरं सांग." हे वाक्य मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. शुक्रवारी स्कूटर काढून धरणाच्या वरच्या अंगाला वाडीवर जायचं आणि येताना पिशवीत रानभाजी. आता रानभाजी बाजारात मिळत नाही का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे यांचा वर्ग. माझा चुलतभाऊ प्राध्यापक आहे, तो तासभर न थांबता बोलतो. या बाई एक प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. बराच वेळ गप्प. मला वाटायचं, पगार घेऊन झोपतात.

तर जुलैत एक दिवस दारात गाडी थांबली. उतरला एक चष्मेवाला, हातात छत्री. मॅडमच्या दाराकडे बघून घेतलं आणि बेल वाजवली आमची.

"मी श्रीपाद. मॅडमच्या कॉलेजातून आलोय. ऑनलाइन वर्गांचं सगळं मी बघतो. तुम्ही राजाभाऊ ना? नाक्यावर चहावाल्यानं सांगितलं, या आळीतलं काही हवं असेल तर राजाभाऊंना विचारा."

माणसाची कीर्ती अशी पसरते. मी खुर्ची पुढे केली.

श्रीपाद सरांनी आवाज खाली आणला. तक्रार होती. मॅडमचे व्हिडिओ चहा गार व्हायच्या आत संपतात. स्क्रीनवरचे तास सगळ्या शिक्षकांत कमी. मुलांचे कॅमेरे बंद, आणि बाई त्यांना काही म्हणत नाहीत. "मुलं पास होतात, त्यामुळे तर जास्तच शंका येते. प्राचार्यबाईंना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. विषय यांच्याकडे ठेवायचा, का दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्याला दिला तर कंत्राट संपलंच."

"मग त्यांनाच का नाही विचारत?" कौमुदी चहा घेऊन आली होती.

"त्या त्यांचीच बाजू सांगणार ना वहिनी."

मला पटलं. मी सगळं सांगितलं. गोधडी, फोन, वाडी, रानभाजी, गप्प बसणं. थोडं मीठमसाला लावून. श्रीपाद सर ऐकता ऐकता बिस्किट चहात बुडवून विसरले.

"गोधडी?" त्यांनी विचारलं.

"डोक्यावरून."

"अहो, पत्रा आहे त्यांच्या घराला," कौमुदी म्हणाली. "पावसात पत्र्यावर ताशा वाजतो. धडा रेकॉर्ड करायचा तर मुलांना ऐकू काय येणार? गोधडीत बसलं की आवाज स्वच्छ येतो. लहान लहान धडे करतात, फोनवर पटकन उतरतात म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. केव्हाच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही बघत होतात."

सर आता माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळून बसले. मला ते आवडलं नाही. तिनं पुढचं सांगितलं. लॉकडाउनच्या साली मॅडम तासच्या तास बोलायच्या, समोर काळे चौकोन. वाडीवरची बबिता नावाची मुलगी एका बंगल्यावर कामाला होती. हजेरीत ती एकदासुद्धा चुकली नाही. पुढे मॅडमना ती बाजारात भेटली. मॅडमनी कौतुक केलं, तर पोरगी म्हणाली, "मॅडम, फोन व्हता, मी न्हवते. फोन वायफायजवळ फ्रिजवर ठिवायची आन खाली भांडी घासायची. लय बोलत व्हता तुमी." सगळी हजेरी खरी आणि वर्गात कुणी नाही. तेव्हापासून मॅडम हजेरी स्क्रीनवर बघून घेत नाहीत, आवाजावर घेतात. जो गप्प राहिला, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. बबितानं पुढे पुन्हा नाव घातलं. वर्गाला ती बंगल्यावरच्या वायफायवरून बसते, पण वाडीवर रेंज नाही, म्हणून शुक्रवारी मॅडम जाऊन धडे तिच्या आणि तिथल्या दोघीतिघींच्या फोनमध्ये टाकून येतात.

"हे सगळं तुम्ही त्यांच्याकडूनच ऐकलंय वहिनी," सर म्हणाले. सर माझ्याहून बरे निघाले, संशय सोडत नव्हते. "चारला वर्ग आहे त्यांचा. मी बसून बघतो. तुमच्या इथूनच. त्यांना कळायला नको."

सरांनी फोनवर 'अतिथी' असं नाव टाकलं, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि आत शिरले. भिंतीतून मॅडम ऐकू येत होत्या आणि फोनमधूनही, अर्ध्या क्षणानं उशिरा. प्रश्न असा होता, की भुशी डॅमला जाणारी गर्दी यंदा दुसरीकडे वळली, तर तुमच्या दुकानाची पाटी बदलाल का जागा? मग मॅडम गप्प.

"बघा," मी म्हणालो. "झोपल्या."

"माझाही तोच अंदाज आहे," सर म्हणाले, आणि आम्ही दोघं चुलतभावाच्या तासाबद्दल बोलायला लागलो. तेवढ्यात फोनमधून एकेक आवाज यायला लागले. जीप चालवणारा शिदू बोलला, मग बबिता, आणखी कोण कोण. आमचं लक्ष नव्हतं.

"अतिथी," मॅडम म्हणाल्या. "आमच्या वर्गात नुसतं ऐकून चालत नाही. तुमचं मत?"

सरांनी गडबडीनं माइक चालू केला. "हां... म्हणजे... पाटी महत्त्वाचीच."

"का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"हुकलं वाटतं," मॅडम म्हणाल्या, रागावून नाही. "हुकलेल्याला आधी बोललेल्यानं सांगायचं, हा आमचा नियम. बबिता, सांग यांना आतापर्यंतचं."

"सांगते की," बबिता म्हणाली. "पावनं, घाबरू नका, माझं बी रोज हुकायचं." आणि तिनं शिदू काय म्हणाला, ती स्वतः काय म्हणाली, ते सांगितलं. सर ऐकत होते. खरोखर ऐकत होते, मान हलवत. मग म्हणाले, आधी जागा, पण जुन्या गिऱ्हाइकाला कळेल अशी पाटी जुन्या जागी ठेवून. शिदू म्हणाला, "ह्ये बेस."

सर लाजले. आणि नेमकी तेव्हाच आमच्या कुकरनं शिट्टी दिली.

"अतिथी, कुठून बोलताय?" मॅडमनी विचारलं.

"तळेगावहून."

"असं का? तळेगावचा कुकर माझ्या शेजाऱ्यांच्या कुकरच्या जोडीनं शिट्टी देतो?"

वर्ग हसला. भिंतीपलीकडून आणि फोनमधून, दोन्हीकडून.

वर्ग संपल्यावर सरांनी प्राचार्य इरावतीबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, स्क्रीनवरचे तास कमी आहेत, कारण काम स्क्रीनबाहेर आहे. पण कॉलेजच्या मशिनमध्ये ते कुठंच दिसत नाही. एक साक्षीदार आहे." आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला. "सांगा राजाभाऊ. मघाशी मला सांगितलंत तेच."

तेच सांगितलं. फक्त मीठमसाला काढून. रोज दुपारी मुलांना फोन, शुक्रवारी वाडी, गोधडीतले धडे. तीन पावसाळे सलग. मी कशाचा साक्षीदार होतोय हे बोलताना लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

मग इरावतीबाई म्हणाल्या, "तुम्हाला इतकं बारकाईनं कसं माहीत?"

"कुंडीला पाणी घालतात," कौमुदी म्हणाली.

विषय मॅडमकडेच राहिला. फोनचे आणि वाडीचे तासही आता शिकवण्यात धरतात, असं ऐकलं. मॅडम दुसऱ्या दिवशी भेटल्या. आभार मानतील म्हणून मी सावरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "राजाभाऊ, तीन पावसाळे ऐकताय. परीक्षेला बसा ना."

आणि काल श्रीपाद सरांचा फोन आला. तळेगावला कुणी एक प्राध्यापक आहेत, त्यांचे स्क्रीनवरचे तास सगळ्यांत जास्त. आवाज जरा खाली आणून सर म्हणाले, "राजाभाऊ, त्यांच्या शेजारी तुमच्या ओळखीचं कुणी राहतं का?"