भाभींची अलॉयची बगी

भाभी कुठलीही वस्तू घेण्याआधी नखानं वाजवून बघायच्या. मडकं, कलिंगड, नारळ सगळेच वाजवतात. भाभी नवी बादली, दाराची फळी, औषधाची बाटलीसुद्धा वाजवायच्या. मान कलती करून ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "ही ऱ्हाईल," किंवा "ही न्हाई ऱ्हायची." लग्न होऊन भोरला आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी मलाही असंच मनातल्या मनात वाजवून पाहिलं असणार. त्यांचा निकाल मला कळला नाही. माझा मात्र पहिल्याच आठवड्यात लागला. ह्या बाईनं माझा भाऊ नेला.

अब्बा-अम्मी गेल्यावर भाईनंच मला वाढवलं. कापूरहोळच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं आपल्या मुलाची बंद पडलेली बगी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी, तिथं दुरुस्तीला टाकली आणि न्यायला तो परत आलाच नाही. भाईनं ती चालू केली, आणि तेव्हापासून आम्हा दोघांना त्या शर्यतीच्या बग्यांचं वेड लागलं. पासलीला माझ्या कॉलेजातल्या मित्राचं शेत होतं. भात निघालं की आमच्यासारखे काही वेडे रविवारी तिथं जमायचे, खाचरातच वळणावळणांचा रस्ता आखायचे आणि बांधावरून गाड्या उडवायचे. रिमोट भाईच्या हातात, आणि शेजारी उभं राहून वळण सांगायचा मान माझा.

भाभी तिथं पहिल्यांदा आल्या त्या जेवणाचा डबा घेऊन. थोडा वेळ बांधावर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "मला द्या की जरा." परतताना रिमोट त्यांच्या पिशवीत होता. टेम्पोत त्या पुढं भाईजवळ बसल्या आणि मी मागं, बगीच्या खोक्याशेजारी.

हरल्या तरी त्या गाडीला नावं ठेवायच्या नाहीत, हे मला फार झोंबायचं. मी हरलो की बॅटरी, टायर, डोळ्यांवरचं ऊन अशी कारणं काढत बसायचो. भाभी म्हणायच्या, "गाडीला काय कळतंय, सलीम? आपुन सांगंल तिकडं जाती ती." पुढं हे वाक्य भाईच्याही तोंडी बसलं, आणि तो ते नेमकं मलाच ऐकवायचा.

मग नवी बगी बांधायची ठरली, आणि चेसिसवरून वाद झाला. चेसिस म्हणजे गाडीची खालची पाटी, जिच्यावर सगळं बसवतात. ती कार्बन फायबरची घ्यावी की अलॉयची, म्हणजे मिश्र धातूची? भाईनं पुण्याहून दोन्ही आणल्या. मी म्हणालो, कार्बन. वजनाला हलकी, ताठ, कितीही उंचावरून आपटली तरी वाकणार नाही. भाभींनी दोन्ही वाजवून पाहिल्या.

"ही वाकायची न्हाई, पर तुटंल तवा एकदमच तुटंल," कार्बनची पाटी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या. "अलॉय वाकली तर ठोकून सरळ करता येती."

"शर्यत चालू असताना ठोकत बसणार का?" मी विचारलं.

भाईनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुझ्या भाभीचं ऐकू," म्हणाला आणि पाना घेऊन कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकलं होतं. मी कार्बनची पाटी उचलली आणि जुन्या बगीला बसवून शर्यतीत वेगळा उतरायचं ठरवलं. भाभींची पाटी वाकावी, एवढं एकच मागणं मी त्या दिवसांत मनात मागत होतो.

आणि ती वाकली. शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत त्यांची बगी बांधावरून उडाली, नाकावर आदळली आणि डावीकडे ओढू लागली. मी सगळ्यांच्या पुढं होतो. "वाकली," मी भाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. वेग कमी करून, सारखी उजवीकडे सावरत भाभी गाडी चालवत राहिल्या. माझी नजर माझ्या गाडीवर कमी आणि त्यांच्या गाडीवर जास्त होती. त्या नादात माझी बगी बांधाला धडकून उलटी झाली, आणि त्यांची तिच्या शेजारून लंगडत पुढं गेली.

सगळ्यांसमोर त्या माझ्याकडे आल्या. "तुझंच बरोबर व्हतं, सलीम. वाकली." मला आणखीच राग आला. शर्यत जिंकून वर मोठेपणाही त्यांनीच नेला होता.

पुढं हायवे रुंद झाला, गॅरेज उठलं आणि भाई दुबईला नोकरीला गेला. घरात भाभी आणि मीच उरलो. पुढच्या रविवारी मी अंथरुणातून उठलोच नाही. भाभींनी खोकं माझ्या मोटरसायकलला बांधलं आणि दारातून म्हणाल्या, "चल, खाचर वाळलंय." पासलीला पोचल्यावर त्यांनी रिमोट घेतला आणि शेजारी मला उभं केलं. मी वळणं सांगू लागलो. घरी येताना म्हणाल्या, "तू 'आता' म्हणलास की मी बघत बी न्हाई, वळवते." भाई मला असं कधी म्हणाला नव्हता.

भाई फोनवर विचारायचा, कोण जिंकलं, कुठं उलटली. भाभी सगळं रंगवून सांगायच्या. "तुमचं बरं हाय," तो म्हणायचा. ते ऐकायला मला बरं वाटायचं, हेही खरं.

मग भाभींचा व्हिसा आला. मुंबईला जाणारी जीप त्यांना कापूरहोळला घ्यायला आली. बॅगा चढवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाईला काय सांगू?"

"सांगा, सलीम बरा हाय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पदर सारखा केला आणि आत बसल्या. जीप पुण्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. इतकी वर्षं मी भाभींवर जळत आलो होतो, कारण भाई त्यांचा झाला होता. त्या दुपारी फाट्यावर एकटा उभा होतो, आणि मला हेवा वाटत होता भाईचा.