जावयाने आणलेले टायर

रस्ता विचारायचा असेल तर आमच्या ह्यांना विचारू नका, असं शेजारीपाजारी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचे. एरवी माणूस बोलायला इतका कंजूष की चहात साखर नसली तरी कप पुढे सरकवून गप्प बसेल. पण रस्त्याचा विषय निघाला की संपलं. "शाळेपासून डावीकडे घ्या, पुढे एक खड्डा लागेल, तो बाजूने काढा, मग गतिरोधक आहे, रंग उडालाय त्याचा, दिसत नाही." अहो, समोरचा माणूस पायी निघालेला असायचा! त्याला कशाला मेला गतिरोधक? पण ऐकतील तर शपथ.

अशा माणसाने स्वतःच्या घराचा रस्ता चुकायला सुरुवात केली, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

ह्यांचं अख्खं आयुष्य ट्रकवर गेलं. आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग ही जुनी गाडी स्वतःची. गाडी आमच्या लेकीपेक्षा वयाने मोठी आहे, आणि दोघींत लाड कोणाचे जास्त झाले ते मला विचारा. लाकडाच्या वखारीतून फळ्या, दारं, खिडक्यांच्या चौकटी पोचवायच्या, हे काम. गाडीची काच पुसायला माझी चांगली ओढणी चालायची, घरातल्या आरशावर मात्र धुळीचे थर. झोपेतसुद्धा "येऊ दे, येऊ दे, बस्स" करत कूस बदलायचे आणि नेमके माझ्या अंगावर यायचे.

लेकीने ट्रक ड्रायव्हरशीच लग्न ठरवलं, तेव्हा मात्र ह्यांनी आकाशपाताळ एक केलं. "तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा मी घरी नव्हतो. तुला गोवर आला तेव्हा नव्हतो. तुझ्या पोरांचंही हेच व्हायला हवंय का तुला?" लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला बघत मोठी झाले मी. मला दुसरा कसला माणूस आवडणार?" हे तिच्याशी बोलायचे थांबले ते लग्न झालं तरी थांबलेलेच. लेक यायची ती हे कामावर असताना, आणि गाडीचा आवाज आला की चहा अर्धा टाकून मागच्या दाराने पळायची. जावई तर उंबरा ओलांडून कधी आत आलेच नाहीत. मधल्या मधे माझी नुसती ओढाताण.

मग एका रविवारी जावई दारात उभे. सोबत लेक, आणि त्यांनी आणलेले दोन भलेमोठे टायर. जावई ज्या कंपनीत आहेत तिथल्या नव्या गाड्यांचे, जवळजवळ कोरे. साहेबाच्या मागे लागून लागून मिळवलेले. "बाबा, तुमच्या गाडीचे पुढचे फार झिजलेत," म्हणाले. "रस्त्यात दिसतात मला." म्हणजे बोलणं बंद होतं, तरी सासऱ्याच्या टायरवर लक्ष होतं पठ्ठ्याचं! हे टायरकडे बघत राहिले. वीत लावून रुंदी मापली. परत मापली. मग वर बघून म्हणाले, "आत या. चहा घ्या."

त्या दिवशी लेक माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसली. उठायची घाई नाही, बाहेरच्या आवाजाकडे कान नाही. मला तर त्या टायरांची दृष्ट काढावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी टायर बसवायला गेलो. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला सगळे पंपशेठ म्हणतात, कारण हवेचा पंप सोडून तो कुठे उठत नाही. त्याने टायर बघितला, गाडीचं चाक बघितलं आणि डोकं खाजवलं. "दादा, बसेल. पण बसायचा नाही."

"अहो, बसेल की नाही बसणार, एक काय ते सांगा ना!" मी म्हणाले.

"वहिनी, आतला घेर सारखाच आहे, म्हणून चढेल. पण टायर रुंद, आणि ह्या जुन्या गाडीचं चाक अरुंद. कडा आत ओढल्या जाणार, पोट बाहेर येणार. आणि वळताना..."

"बसव," हे म्हणाले.

"दादा, ऐका तरी..."

"बसव म्हटलं ना. आणि कुणापाशी एक शब्द बोलायचा नाही. तुला माझी शपथ आहे."

पंपशेठने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पोट ह्यांचंही बाहेर आलं होतं, चाललं होतंच की सगळं.

त्यानंतर ते सुरू झालं. आमच्याकडे यायचं म्हणजे मोठ्या रस्त्यावरून पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं, की आलीच गल्ली. इतकी वर्षं गाडी तिथूनच आली. ती आता टाकी सोडून पुढे जायची आणि शाळेला वळसा घालून गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने उगवायची. मला वाटलं, रस्ता खोदला असेल. टाकीपर्यंत जाऊन बघून आले. रस्ता धडधाकट. ह्यांना विचारलं तर, "असंच." उद्या असंच, परवा असंच! भाजी दोनदोनदा गरम करायची. वखारवाल्याचे फोन यायला लागले, "वहिनी, दादा कुठे आहेत? माल पोचला नाही अजून." निघून तर केव्हाचे गेलेले.

हे सगळं मी एकदा पाहिलेलं होतं. माझे सासरे शेवटी शेवटी भलत्याच घरांच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "आमचं घर कुठे आहे हो?" मीच त्यांना हाताला धरून आणायचे. आता लेकाचीही तीच गत व्हायची का?

मी ह्यांची परीक्षा घ्यायला लागले. साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवलं आणि म्हटलं, "मीठ द्या जरा." ह्यांनी बरोबर तोच डबा दिला. कसं कळलं, कोण जाणे. एकदा विचारलं, "तुमच्या धाकट्या मेव्हण्याचं नाव काय हो?" तर म्हणाले, "सकाळी सकाळी त्याचं नाव घ्यायला लावू नकोस." म्हणजे आठवतंय की! मग घर तेवढं कसं आठवत नाही? माझं डोकं चालेना.

पंपशेठकडे गेले. "तुम्ही रोज बघता ह्यांना. काही फरक जाणवतो का हो?" त्याचा चेहराच पडला. "वहिनी, मला काही विचारू नका. दादांनी शपथ घातलीय." झालं! टायरांची एक शपथ होतीच, आता आजाराचीही घातली! म्हणजे जगाला माहीत आहे, फक्त घरच्या बाईला नाही. आजार किती पुढे गेला होता कोण जाणे, ह्या विचाराने मी घरी येईपर्यंत अर्धी झाले.

मग एकदा बाजाराचं निमित्त करून मीच गाडीत चढून बसले. हे स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढत होते, त्यातही मला त्यांचं वयच दिसलं. येताना टाकी आली. हे सरळ!

"अहो! टाकी गेली!"

हे समोर बघत म्हणाले, "कुठली टाकी?"

पाण्याची टाकी हो, तीन मजली उंच! जिच्या सावलीत आमचं आयुष्य गेलं ती. मी हळूच विचारलं, "रस्ता विसरायला होतं का हल्ली?" ह्यांनी गिअर बदलला. "होतं कधी कधी," म्हणाले. "पोरांना सांगू नकोस." घरी येऊन मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

सांगू नकोस म्हणणं सोपं आहे. पण फळ्यांनी भरलेली गाडी घेऊन हा माणूस कुणाच्या अंगावर गेला तर? रविवारी पोरं आली, हे वखारीत गेलेले, तेव्हा मी जावयांना एका दमात सांगून टाकलं. "ह्यांच्याकडून चावी काढून घ्या. माझ्याने होणार नाही, लेकीच्याने तर नाहीच."

जावयांचं तोंड एवढंसं झालं. "मी? आई, आत्ता कुठे त्यांनी मला घरात घेतलंय. मीच त्यांची गाडी काढून घेऊ?"

गाडी गेली तर ह्या माणसाचं मागे काय राहणार, ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण दुसरा इलाज तरी काय होता?

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. आम्ही तिघं दारात आलो. गाडी टाकीपाशी दिसली, हळू झाली, आणि सरळ निघून गेली. "बघा," मी म्हणाले. लेकीने तोंडावर हात धरला. बऱ्याच वेळाने गाडी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने आली. जावई टक लावून बघत होते, पण ह्यांच्याकडे नाही. चाकांकडे. हे खाली उतरायच्या आत ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, आणि मग इस्त्रीच्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले.

बाहेर आले ते हात काळे करून. "बाबा, डावीकडे गाडी पूर्ण वळत नाही ना?"

"छे हो."

"टायरचं पोट आतल्या दांड्याला लागतंय. उजवीकडे वळताना जागा राहते, डावीकडे नाही. एक बाजू सोलून निघालीय सगळी. हा टायर ह्या चाकाचा नाहीच, बाबा. मी नुसता घेर बघितला आणि उचलून आणला."

"नाही नाही, जावईबापू, टायर छान आहेत तुमचे," हे म्हणाले. "माझंच हल्ली जरा... रस्ता विसरतो मी. विचारा हिला."

अगं बाई! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वखारीतून निघायचं ते सगळी डावी वळणं चुकवत, अख्ख्या गावाला वळसे घालत घरी यायचं. बायकोने भ्रमिष्ट समजलं तरी चालेल, पण जावयाला "तुमचे टायर चुकले" म्हणायचं नाही. का, तर पुन्हा बोलणं बंद होईल, आणि लेक पुन्हा मागच्या दाराने पळेल.

"मी नळ सोडून रडतेय," मी ओरडले, "आणि तुम्ही मला 'कुठली टाकी' विचारता?"

हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

जावई ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "टायर फुटला असता म्हणजे? भरलेली गाडी, तुम्ही एकटे. बाबा, एखाद्या क्लीनरने असला टायर आणला असता तर काय केलं असतंत?"

ह्यांनी वाकून त्या सोललेल्या टायरवरून हात फिरवला. काळा चुरा बोटांना लागला. आणि मग इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"काय केलं असतं? कान उपटला असता! अरे गाढवा, एवढी मोठी गाडी चालवतोस, चाकाची रुंदी बघता येत नाही तुला? घेर बघितला म्हणे! डोळे काय खिशात ठेवून फिरतोस? आणि कमी हवेत चालवलास असला टायर तर रस्त्यात निखळून पडेल, कळतं का? अशी गाडी चालवणार तू, माझी पोरगी घेऊन?"

शेजारचे खिडकीत आले. जावई मान खाली घालून उभे. हसत होते की रडत होते, मला तर समजेना.

"हसतोस काय? जॅक आण जा!"

"आणतो, बाबा."

माझ्या मागे लेक हुंदके द्यायला लागली. "अगं, तुला काय झालं आता?" मी म्हणाले.

"ओरडले त्याला," ती म्हणाली. "आई, बाबा त्याला ओरडले. मला ओरडतात ना, अगदी तसे."

पंपशेठने ह्या चाकांच्या मापाचे दोन टायर आधीच बाजूला काढून ठेवले होते. निरोप मिळताच ते घरंगळवत घेऊन आला, आणि शपथ सुटल्यामुळे तासभर त्याचं तोंड काही मिटलं नाही. सासराजावई गाडीखाली. एक पाना मागतोय, दुसरा चुकीचा देतोय आणि बोलणी खातोय.

काम झाल्यावर हे एक चक्कर मारून येतो म्हणाले. जावई शेजारी बसले. मी दारात उभी राहिले, सहज म्हणून. टाकीपाशी आवाज आला. गाडी हळू झाली आणि डावीकडे वळून सरळ माझ्याकडे यायला लागली. ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागे दाखवत मोठ्याने ओरडले, "ती बघ टाकी!"

"जळली मेली ती टाकी," म्हणत मी डोळे पुसले आणि भाजी गरम करायला आत गेले.