उतारावर आवाज नाही

महामार्गावर कायद्याचा आवाज क्षणभरही थांबत नाही, असं आमच्या नागपूरच्या पोलीस वायरलेस कंट्रोल रूमच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं होतं. मी त्या भिंतीखाली चार वर्षं बसलो आणि तो आवाज ऐकला. बहुतेक वेळ तो खरखर असे. उरलेल्या वेळात कोणीतरी "समजलं साहेब" म्हणत असे.

या सगळ्यात एकच आवाज वेगळा होता. तो सावकाश, जरा घोगरा यायचा आणि रोज एकच गोष्ट म्हणायचा. "मले नाही आयकू आलं साहेब. परत बोला." कंट्रोल रूममध्ये त्यांचं नावच परतबोला पडलं होतं. जबलपूर रस्त्यावरच्या गस्त चारचे ते हवालदार. मूळचे कुहीकडचे, घरी धानाची थोडी शेती. मी त्यांना तीन वर्षं केवळ आवाजाने ओळखत होतो.

परत बोला म्हणणं हा किती मोठा गुन्हा होता, हे कळण्यासाठी आमची पद्धत सांगायला हवी. रोज सकाळी सात वाजता इनचार्ज साहेब स्वतः माइकवर येत आणि अकरा गस्तींना एकेक करून विचारत, आवाज कसा? प्रत्येक गस्त उत्तर देई, साफ. साहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही असं साहेबांनाच सांगायचं, हे कोणाच्या जिभेला शक्य नव्हतं. गस्तीवरची माणसं शहाणी होती. सातच्या सुमाराला ती बरोबर एखाद्या उंचवट्यावर नाहीतर चहाच्या चांगल्या टपरीवर असत. मला त्या नोकरीत अक्षर वळणदार म्हणून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, की पावणेसातलाच लॉगच्या, म्हणजे नोंदवहीच्या, अकरा रकान्यांत 'साफ' लिहून ठेवत जा, मग धांदल होत नाही. मी लिहीत असे. अक्षराचं कौतुक होई.

परतबोला मात्र सात वाजता जिथे गस्त असायला हवी तिथेच असत. त्यांच्या हद्दीत जंगलातून जाणारा एक लांब उतार होता, बेहड्याचा उतार म्हणत त्याला. दोन्ही बाजूंना टेकड्या, मधे खोलगट रस्ता. तिथे वायरलेसच्या पेटीतून आवाज येत नसे आणि जातही नसे. सात वाजता ते त्या खोलगटात उभे राहत, हाक न ऐकता वाट पाहत, मग उतार चढून वर येत आणि सव्वासातला कळवत, की सात वाजता उतारावर होतो, आवाज नाही. इनचार्ज साहेब माइक बंद करून मला म्हणत, "सिग्नल हा शेवटी शिस्तीचा प्रश्न आहे." आणि रकान्यातलं साफ तसंच राही.

एकदा साहेबांनी चिडून त्यांना विचारलं, की तुझ्याशिवाय सगळ्यांना कसा येतो आवाज? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ते त्यायले विचारा साहेब. मी माह्या कानाचं सांगून राहिलो."

त्यांच्या या सवयीचा खात्याला उपयोग झाला नाही असं नाही. एकदा एका मोठ्या पाहुण्याच्या ताफ्यासाठी रस्ता मोकळा करा असा हुकूम गेला. त्या दिवशी खरखर फार होती. अकरापैकी दहा गस्तींनी समजलं साहेब म्हटलं आणि दहा ठिकाणी दहा गोष्टी झाल्या. एका हुशार जमादाराने तर ताफाच थांबवून ठेवला. परतबोलांनी तीनदा परत बोला म्हटलं, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आणि चौथ्यांदा हुकूम नीट ऐकून तेवढाच पाळला. या प्रसंगानंतर सर्वांना समज देण्यात आली. परतबोलांना वेगळी देण्यात आली, वायरलेसवर वेळ वाया घालवल्याबद्दल.

खांद्याला अडकवायची ती पेटी चार-पाच किलोंची होती, आणि उन्हाळ्यात तिची बॅटरी आमच्याआधी मान टाकत असे. परतबोला तिच्यावर ओला दुपट्टा गुंडाळत. हे मला ठाऊक होतं. पण एका जूनमध्ये पेटी दुरुस्तीला आली, तेव्हा मेकॅनिकला तिच्या चामडी खोळीत वाळलेला कांदा सापडला. आमच्याकडे लू लागू नये म्हणून उन्हात निघताना माणूस खिशात कांदा ठेवतो, त्यात नवल नाही. खुलासा मागवला गेला. परतबोलांनी लेखी दिलं की कांदा स्वतःच्या घरचा आहे, सरकारी नाही. तोंडी ते मेकॅनिकला म्हणाले होते, "माणसाले लू लागते, तं पेटीले काहून नाही लागणार? तिले तं टोपी पण नाही." पेटीवर कांद्याचा परिणाम झाला का, हे सांगता येणार नाही. पण अकरा पेट्यांपैकी त्यांचीच मे महिनाभर चालू राहिली होती. बाकीच्या दहा सुरक्षिततेसाठी कपाटात होत्या; त्यांच्या रकान्यांतही साफ होतं.

मग पुढच्या वर्षी अपघात झाला. मे महिन्यातली दुपार होती. मँगनीजने भरलेला एक ट्रक उतारावर उलटला आणि ड्रायव्हर केबिनखाली अडकला. परतबोलांचा जोडीदार शिपाई मोटरसायकल घेऊन हद्दीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. ते एकटे होते. ड्रायव्हरचं डोकं वर धरून ठेवलं तरच त्याला श्वास घेता येत होता, त्यामुळे उतार चढून वर जाणं शक्य नव्हतं. एका हाताने डोकं आणि दुसऱ्या हाताने पेटी धरून ते आम्हाला हाका मारत राहिले. दोन ट्रक पोलीस पाहून थांबले नाहीत. शेवटी एक एस.टी. थांबली आणि कंडक्टरने पुढच्या गावाहून फोन केला. गाडी पोचेपर्यंत ड्रायव्हर गेला होता. आमच्या लॉगमध्ये ती दुपार शांततेत गेल्याची नोंद आहे.

तिसऱ्या दिवशी ते कंट्रोल रूममध्ये आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरून चाललो होतो. हे बारकेसे, पन्नाशीचे, कानांवर पांढरे केस असलेले गृहस्थ होते. इनचार्ज साहेब जेवायला गेले होते. परतबोलांनी माझ्याकडे अपघाताच्या दिवसाचा लॉग मागितला, गस्त चारच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलं, बाबू?"

मी हो म्हणालो.

"मी सव्वासातले काय सांगतलं होतं?"

"उतारावर आवाज नाही."

"मंग साफ काहून लिहिलं?"

मी पद्धत समजावून सांगितली. ती मोठ्याने सांगताना किती विचित्र वाटते हे मला तेव्हा कळलं. त्यांनी टोपी काढून ऐकून घेतलं. टोपी काढूनच ऐकायची त्यांची सवय होती, वायरलेसवरसुद्धा, टोपीने कान झाकतो म्हणत. मग ते म्हणाले, "दीड घंटा जित्ता होता गा तो. मले म्हणे, हवालदार, तुमच्या पेटीतून कोणी बोलून का नाही राहिलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून शाळेची एक वही काढली, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे असलेली. तिच्यात त्यांनी उताराचा प्रत्येक मैल लिहिला होता. मोहाच्या झाडापाशी अर्धा आवाज, मोरीवर खरखर, वळणापासून पुढे नाही. टेकडीवर आवाज झेलून पुढे देणारा मनोरा बसवला तर काम होईल, असं मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी तीन अर्ज केले होते. तिन्ही अर्ज एकाच शेऱ्यासह परत आले होते, की नोंदीनुसार सर्व ठिकाणी आवाज साफ आहे.

जाता जाता त्यांनी लॉगची पानं उलटून पाहिली. "पानाईवर नंबर छापेल आहे," ते म्हणाले. "मंग बरं. फाडता नाही येत."

त्या हिवाळ्यात नवे, हातात मावणारे सेट आले, आणि खात्याने समारंभ ठरवला. जबलपूर रस्त्यालाच, उतारापासून पाच-सहा मैल अलीकडे मंडप घातला. मखमली टेबलावर सेट ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. मुंबईहून आलेले मोठे साहेब साडेदहा वाजता मंचावरून थेट बेहड्याच्या उतारावरच्या गस्तीशी बोलतील, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सेटसमोर लाउडस्पीकरचा माइक होता. नोंद घ्यायला मला लॉगसह मंचाच्या कडेला बसवलं होतं. गस्त चारला इनचार्ज साहेबांची तोंडी ताकीद होती, की उतारावर नव्हे, वर टेकाडावर उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा. परतबोलांचं नाव त्या वर्षी जमादारपदाच्या बढतीच्या यादीत पहिलं होतं, याचीही त्यांना आठवण करून देण्यात आली होती.

मोठ्या साहेबांनी साडेदहाला विचारलं, आवाज कसा? सेटमधून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग इनचार्ज साहेबांनी मान किंचित हलवली आणि उत्तर आलं, "एकदम साफ, साहेब." ते मंडपाच्या कापडामागून, पाण्याच्या पिंपाशेजारी दुसरा सेट देऊन उभ्या केलेल्या शिपायाकडून आलं होतं. मोठ्या साहेबांना एकच वाक्य डावीकडून आणि सेटमधून असं दोनदा ऐकू आलं. त्यांना ती विज्ञानाची प्रगती वाटली. टाळ्या पडल्या.

भाषणं सुरू झाली. हारातला सेट माइकसमोर तसाच चालू राहिला होता. पावणेअकराच्या सुमाराला, मोठे साहेब पोलीस आणि जनता यांच्यातल्या नात्यावर बोलत असताना, लाउडस्पीकरमधून खरखर झाली.

"गस्त चार बोलून राहिलो. कागदावर उतार लिहिला होता, म्हणून साडेदहाले उतारावरच उभा होतो. हाक आली नाही. उतारावर आवाज नाही. लिहून घ्या, बाबू."

मंडपात अकराशे माणसं असतील, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. माझ्या मते तीनशे. पण ऐकलं सगळ्यांनी. इनचार्ज साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लॉगच्या रकान्यात सकाळपासूनच 'साफ' होतं, माझ्याच अक्षरातलं. मी त्यावर रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं, साडेदहा, गस्त चार, उतारावर आवाज नाही. सहीनंतर रकान्यात जागा उरली नव्हती, त्यामुळे ते माझं सर्वांत वाईट अक्षर आहे.

संध्याकाळी मला ते पान बदलायला सांगितलं गेलं. मी म्हणालो की फाडलं तर एकशे बारा नंतर एकशे पंधरा येईल आणि मग त्याचा खुलासा लिहावा लागेल. ही अक्कल माझी नव्हती, हे साहेबांनाही कळलं असावं. पान राहिलं.

जमादारांची यादी महिन्याभरात निघाली. त्यात परतबोलांचं नाव नव्हतं. त्यांची बदली कोठारावर झाली, म्हणजे ज्या कपाटात पेट्या सुरक्षित असत त्या कपाटाच्या पहाऱ्यावर. तिथे ते रोज सकाळी सात वाजता प्रत्येक पेटी काढून चालू करून पाहत आणि पाढ्यांच्या वहीत लिहीत. मी आवक-जावक विभागात गेलो. धरमपेठेतल्या आमच्या घरी याला अधोगती म्हटलं गेलं. मला ते काम आवडलं. सगळे कागद तिथून जात.

दीड वर्षाने तिथूनच एक कागद गेला. मुंबईच्या तपासणीत सर्व लॉग वाचले गेले होते, आणि हजारो 'साफ'मध्ये एकच 'नाही' सापडलं होतं. तपासनिसाने लिहिलं होतं, की एकमेव असल्यामुळे ही नोंद विश्वसनीय वाटते. टेकडीवर मनोरा मंजूर झाला. तो उभा राहिला त्याच महिन्यात परतबोला निवृत्त झाले, हवालदार म्हणूनच. मनोऱ्याच्या उद्घाटनाचं निमंत्रण त्यांना गेलं नाही. जावक माझ्याकडे असल्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. कुहीला कायमचं जाण्याआधी एकदा उतारावर जाऊन यायचं होतं. मी रजा टाकली. एस.टी.ने गेलो. गस्तीवर त्यांचा जुना जोडीदारच होता. त्याने हातातला सेट विचारायच्या आत पुढे केला. परतबोला रस्त्याच्या कडेने चालत गेले आणि एका जागी थांबले. तिथे काही खूण नव्हती, पण ती जागा कोणती हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी टोपी काढून माझ्याजवळ दिली.

"गस्त चारच्या जागेवरून बोलून राहिलो. आवाज कसा?"

कंट्रोलचं उत्तर इतकं स्वच्छ आलं, की मागच्या पंख्याची घरघरही ऐकू आली. त्यांनी सेट दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "परत बोला." पलीकडच्याने परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ते सगळं ऐकलं आणि म्हणाले, "साफ."

परतताना बसमध्ये ते एकदाच बोलले. "मनोरा तीन वर्षं पहिले पाहिजे होता, बाबू." पाढ्यांची वही त्यांनी मला दिली, आता शेतात तिचं काम नाही म्हणाले. मोरभवनच्या स्टँडवर ते कुहीच्या गाडीत चढले. मी खिडकीखालून म्हणालो, पत्र टाका. गाडी सुरू झाली होती. त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "परत बोला." त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. तोवर मला त्यांची चार पत्रं आली. चारही पत्रांत पावसाबद्दल जेवढं डोळ्यांनी दिसलं तेवढंच होतं.

ते गेले त्या पावसाळ्यात मनोऱ्यावर वीज पडली. मला ते जोडीदार शिपायाने घरी येऊन सांगितलं. मी दुरुस्तीचं पत्र स्वतः लिहिलं, त्यात उतारावर आवाज नाही असं ठळक लिहिलं, आणि सही मिळेपर्यंत साहेबांच्या दारात बसून राहिलो. मनोरा अकरा दिवसांत दुरुस्त झाला. नंतर मी त्या अकरा दिवसांचा लॉग काढून पाहिला. गस्त चारच्या रकान्यात रोज सकाळी सात वाजता साफ लिहिलेलं आहे. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे.