पाठीमागची करंगळी

नाताळची झाडं गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्यात पडली की मॉरीनचा फोन यायचा. "काय गं म्हातारे, यंदा खेळायचं ना?" थंडीने ग्लेनिस थॉर्नलीची कंबर आधीच धरलेली असायची. तरी ती म्हणायची, "म्हणजे काय! खेळायचंच." फोन ठेवला की स्वतःलाच दोन शिव्या हासडायची आणि चहा टाकायची.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या साउथपोर्टमध्ये त्यांच्या टेनिस क्लबात ऑगस्ट संपता संपता वार्षिक मेळावा भरतो. तिथे या दोघी, एके काळच्या व्यावसायिक टेनिसपटू, क्लबातल्या सर्वांत चांगल्या जोडीशी एक सामना खेळतात. लोक घडीच्या खुर्च्यांवर, गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन टाळ्या वाजवतात. समुद्रावरचा वारा डोळ्यांत वाळू घालतो. मग अंड्याची सँडविचं आणि चहा. क्लबासाठी गंमत असते. ग्लेनिसला मात्र पुढचा आठवडाभर जिन्याच्या कठड्याला लोंबकळत चढावं लागतं.

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. ग्लेनिसचा बाप बस चालवायचा. घरामागच्या विटांच्या भिंतीवर चेंडू बडवत ती मोठी झाली, आणि रात्रपाळी करून झोपलेल्या शेजारणीच्या शिव्या खात. पुढे मॉरीनच्या खटारा गाडीतून दोघींनी फ्रान्स, पोर्तुगाल पालथं घातलं. बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरायच्या, बेसिनमध्ये मोजे धुवायच्या आणि ते गाडीच्या खिडकीत वाळत घालून पुढच्या गावाला निघायच्या. विम्बल्डनला खेळायला मिळायचं, पण कुठे, तर अगदी कडेच्या मैदानावर. तिथे येणारे निम्मे लोक वाट चुकलेले असत. एकदा दुहेरीत दोघी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचल्या. पेपरात दीड ओळ आली. लोक आजही त्या तिसऱ्या फेरीचंच विचारतात, मोज्यांचं कोणी विचारत नाही.

दुहेरीत जाळीजवळ उभी असलेली खेळाडू पाठीमागे हात धरून सर्व्हिस करणारीला खुणा करते. मूठ म्हणजे मी जागेवरच थांबतेय, उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे झेपावणार. या दोघींची एक तिसरी खूणही होती. करंगळी. म्हणजे दुखतंय, सांभाळून घे. समोरच्यांना दुखणं कळलं की ते सगळे चेंडू तिकडेच मारतात, म्हणून ही युक्ती.

ती खूण एकदाच वापरली गेली, ग्लेनिसच्या शेवटच्या विम्बल्डनला. खांदा पार कामातून गेला होता. तिने पाठीमागे करंगळी धरली आणि तिथून पुढे मॉरीन एकटी सगळ्या मैदानभर धावली. हरल्या. मॉरीनने एका शब्दानेही काही विचारलं नाही. दोघींच्या बॅगा स्वतःच उचलल्या आणि चालू लागली. त्या हिवाळ्यात ग्लेनिसने खेळ सोडला, तेव्हा मॉरीन म्हणाली, "मग मीही सुटले. तुझ्याशिवाय मला कोण सहन करणार?" आणि तिनेही सोडलं. मॉरीनचे पाय तेव्हा ठणठणीत होते. दुसरी जोडीदार सहज मिळाली असती.

ग्लेनिसच्या तोंडून "नको" निघायचं नाही, ते यामुळेच. त्यातून मॉरीनचा नवरा गेलेला. या वर्षातून एकदाच्या सामन्यावरच बाईने तग धरलाय, अशी ग्लेनिसची पक्की समजूत होती. पण यंदा डॉक्टरांनी ग्लेनिसचा खुबा बदलायचं काढलं. आज चहाच्या वेळी, हा शेवटचा सामना, असं सांगून टाकायचंच, हे ठरवूनच ती मैदानात उतरली. मॉरीनचा चेहरा पडेल, एवढीच धास्ती होती.

समोर बेथन आणि तिची वहिनी होती, दोघी तिशीच्या. "हळू मारा गं पोरींनो, आमचे सांधे पेन्शनीत निघालेत," मॉरीन ओरडली आणि लोक हसले. पहिला सेट पोरींनी घेतला. दुसऱ्यात ग्लेनिस सर्व्हिसला आली. चेंडू आपटत तिने मॉरीनच्या पाठीकडे पाहिलं. मूठ नव्हती, पंजाही नव्हता. करंगळी होती.

ग्लेनिसने चेंडू खिशात टाकला. पंचाच्या खुर्चीवरून क्लबाचे सचिव नायजेल म्हणाले, "काय झालं, बाई?" ती सरळ जाळीपाशी गेली आणि तिने बेथनपुढे हात केला. "जिंकलात तुम्ही. आमचं बास झालं." उभ्या आयुष्यात दोघींनी एकही सामना अर्धवट सोडला नव्हता. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना.

बाकावर बसल्यावर ती मॉरीनकडे वळली. "कधीपासून दुखतंय?"

"गुडघा ना? झाली की तीन-चार वर्षं."

"मग दर जानेवारीला फोन कशाला करत होतीस, बये?"

"तुझ्यासाठी! लेन तुझा संसार मोडून गेल्यापासून तू अशी मरगळल्यासारखी. म्हटलं, हेही बंद केलं तर ही घराबाहेरच पडायची नाही."

ग्लेनिसला हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं. इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी हाडं झिजवत होत्या आणि दोघींनाही ते नको होतं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. त्या थकव्यातच इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न बाहेर आला.

"तेव्हा, मी सोडलं तेव्हा... तुला पुढे खेळायचं होतं का गं?"

मॉरीनने गुडघ्यावरचा पट्टा सोडवला, गुंडाळला, बॅगेत ठेवला.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ग्लेनिसला सोपं गेलं असतं. तिकडे नायजेल चहा गार होतोय म्हणून हाका मारत होते. मॉरीन बाकाला धरून उठली आणि बॅगेसाठी वाकू लागली.

"राहू दे," ग्लेनिस म्हणाली. तिने दोन्ही बॅगा उचलल्या आणि मॉरीनची त्याच जुन्या, दुखऱ्या खांद्यावर घेतली. मॉरीनने तिच्याकडे पाहिलं, पण नको म्हणाली नाही.