पाठीवरचं रेडियम

पोलीस भरतीसाठी मी पळायला लागलो तेव्हा पाय बरे होते, अक्कल मात्र मागं पडलेली. लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवरून निघायचं, भवानीनगरच्या अंगाला डांबरीनं कोस-दीड कोस जायचं आणि माघारी यायचं. दिवस नव्वदच्या दशकातले, पौषातली थंडी, उसावर उतरलेलं धुकं. म्हणून मी आजोबांचं काळं घोंगडं पाठीशी बांधून पळायचो. घरातली मेंढरं केव्हाच गेली होती, घोंगडं तेवढं उरलं होतं.

एका पहाटे उसाचा ट्रॅक्टर मागून इतका जवळ आला की मी थेट पाण्याच्या चारीत उडी टाकली. ड्रायव्हर भला माणूस. मला तसाच निथळता घरी घेऊन आला आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाला, "आबा, मला वाटलं रेडकू हाय. ते बी पार जवळ आल्यावर दिसलं." आबांनी तिथंच निकाल दिला. गाडीवाल्यांना दिसत नसशील तर पळणं बंद, भरतीही बंद, आणि उद्यापासून कोयता घेऊन उसाच्या फडात.

दिसायचंच ना? मग दिसूच, म्हटलं. उसाच्या बैलगाड्यांच्या मागं लावतात तसली उजेडात चमकणारी हातभर लाल रेडियमची पट्टी आणली आणि आईकडून पाठीवरच्या घोंगड्यावर आडवी शिवून घेतली. सुई ओढता ओढता आईनं विचारलं, बैल कुठं जुंपायचं? मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या पहाटे परतताना मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. दोन भरल्या ट्रॉल्या होत्या, पण तो काही मला मागं टाकेना. मी वेग वाढवला, तरी तो मागंच. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटला. भरती झालीच, असं समजून मी वस्तीच्या कच्च्या वाटेला वळलो. ट्रॅक्टरही वळला. तेव्हाही मला वाटलं, अभिनंदन करायला येतोय. घरापाशी मागची ट्रॉली चाकोरीत रुतून कलंडली आणि निम्मा ऊस आमच्या गोठ्यापुढं आडवा झाला.

ड्रायव्हर कालचाच. आबा दारात आले. तो ओशाळून म्हणाला, "आबा, धुक्यात आमी म्होरल्या गाडीचं रेडियम धरून चालतो. म्होरली गाडी वळली, मी वळलो."

आबा माझ्याभोवती एक फेरी मारून आले, बाजारात म्हैस पारखताना मारतात तशी. माझी भरती त्या फेरीवर टांगलेली होती.

"दिसतंय तर खरं," ते म्हणाले. "पर गाडी म्हणून."

आता कोयता हातात येणार, असं मी धरून चाललो. पण ड्रायव्हरच मध्ये पडला. "पळू द्या, आबा. फकस्त पट्टी पायाला बांधा. गाडीला पाय नसत्यात. लाल खालवर हाललं की कळतंय माणूस हाय. आन् उजव्या अंगानं पळ रं, म्हंजी तुला बी मी दिसंन."

आबांनी विळ्यानं माझ्या पाठीवरची शिलाई उसवली, पट्टीचे दोन तुकडे केले आणि सुतळीनं माझ्या दोन्ही घोट्यांना बांधले. घोंगडं गोठ्यातल्या खुंटीला गेलं. पसरलेला ऊस मात्र दुपारपर्यंत मलाच भरून द्यावा लागला.

तिसऱ्या पहाटे समोरून तोच ट्रॅक्टर रिकामा येत होता. लांबूनच त्यानं वेग कमी केला, गाडी पलीकडच्या अंगाला घेतली आणि जाता जाता ओरडला, "पाय दिसलं रं!"

मी हात केला आणि पळत राहिलो.